उणे चौदा

फेब्रुवारी अर्धा झाला की आमच्या पाथर्डी फाट्यावर रस्त्याच्या कडेला द्राक्षांच्या हातगाड्या लागतात, आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढे दहावीच्या मुलांची गर्दी होते. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी पंखा. माझ्या शिकवणीच्या खोलीबाहेर एक बदामाचं झाड आहे. याच दिवसांत त्याची पानं लाल होतात आणि वाऱ्याची वाट न बघता एकेक करून खिडकीच्या कट्ट्यावर पडतात. सुकलेलं पान सिमेंटवर पडताना होतो तेवढाच आवाज. पण सराव पेपर चालू असताना खोलीत इतकी शांतता असते, की तेवढ्यानंही मी मान वर करते. खिडकीजवळच्या तिसऱ्या जागेकडे बघते. तिथं कुणीतरी बसलेलं असतं. दरवर्षी वेगळं कुणीतरी. मी पुन्हा मान खाली घालते.

त्या जागेवर स्नेहल भालेराव बसायची. या गोष्टीला आता सात वर्षं झाली.

दोन घट्ट वेण्या, मधल्या बोटावर कायम शाईचा डाग. बाकीची मुलं उत्तर आलं की त्याखाली दोन रेघा ओढत आणि सुटलो म्हणून पेन टाकत. स्नेहल उत्तर आल्यावर पेन टाकायची नाही. त्याच्याकडे बघत बसायची, जसं कुणी दार लावल्यावर कडी नीट बसली का ते बघतं. मग तिचा हात वर यायचा. "मॅडम, एक विचारू?"

खरं सांगते, मला तो हात आवडत नसे. चोवीस मुलं, दीड तास, संपवायचा अभ्यासक्रम. तिच्या एका प्रश्नात माझी दहा मिनिटं जात. शिवाय तिचे काही प्रश्न असे असत, की मलाही क्षणभर थांबावं लागे. बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला चोवीस मुलांसमोर थांबायला आवडत नाही.

गणपती बसायच्या आधीचा आठवडा होता. वर्गसमीकरणं चालू होती. मी मनानंच एक उदाहरण सांगितलं, मुलांनी उतरवून घेतलं: दोन क्रमागत सम संख्यांचा गुणाकार एकशे अडुसष्ट आहे, तर त्या संख्या शोधा. सोपं उदाहरण. बारा आणि चौदा. मी रांगेतून फिरत लाल पेनानं वह्या तपासत होते. स्नेहलच्या वहीत दोन उत्तरं होती. बारा आणि चौदा; आणि त्याखाली उणे चौदा आणि उणे बारा. मी दुसऱ्या उत्तरावर आडवी रेघ मारली.

"मॅडम, ते का चूक?"

"ऋण उत्तर सोडून द्यायचं असतं. शंभरदा सांगितलंय."

"पण ते नैसर्गिक संख्या म्हटलं असेल तर ना? तुम्ही नैसर्गिक म्हणालाच नाहीत."

दोनतीन मुलं हसली. ती तिला हसली की मला, हे मला कळलं नाही. पण मी ते माझ्यावर घेतलं. म्हणाले, "स्नेहल, मी काय म्हणाले ते मला माहीत आहे. तू वहीकडे लक्ष दे. जास्त शहाणपणा करू नकोस."

ती खाली बसली. त्यानंतर तिचा हात कधी वर आला नाही. महिनाभर आला नाही. आणि मला त्याचं बरं वाटत होतं, हे आज लिहितानाही हात जड होतो. मनात म्हणायचे, पोरगी वळणावर आली.

दसऱ्याच्या सुमारास तिला ताप आला. त्या वर्षी आमच्या भागात डेंग्यू घरोघर होता. मुलं यायची नाहीत, चार दिवसांनी उतरलेल्या चेहऱ्यानं परत यायची. स्नेहल परत आली नाही. सहा दिवस दवाखान्यात होती. सातव्या दिवशी एका मुलीनं शिकवणीच्या दारात चप्पल काढता काढता मला सांगितलं, आणि ती तशीच एक पाय चपलेत ठेवून रडू लागली.

मी त्यांच्या घरी जाऊन आले. पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांची गर्दी होती. तिची आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. वडील दारात उभे होते. मी हात जोडले, त्यांनी जोडले.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रकाश भालेराव माझ्या दारात आले. साडेचार वाजले होते, माझा वर्ग साडेपाचला असायचा. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात ते फिटर होते. पहिली पाळी करून कंपनीच्या बसनं फाट्यावर उतरले आणि तसेच आले होते. अंगात गणवेश, पाठीला डब्याची पिशवी. पिशवीतून त्यांनी तपकिरी कव्हर घातलेली वही काढली. मला वाटलं, तिचे माझ्याकडे राहिलेले पेपर न्यायला आले असतील. मी कपाटाकडे वळले.

"मॅडम, ही वही अर्धी राहिलीय," ते म्हणाले. "मला पुढची गणितं शिकवाल का?"

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"तिची आई रोज ही वही उघडते. तिला त्यातलं काय कळत नाही, सातवीपर्यंत शिकलीय ती. पण पानं उलटत जाते. शेवटच्या लिहिलेल्या पानाशी येते आणि तिथंच थांबते. पुढं कोरं आहे. ते कोरं पान ती तासतासभर बघते, मॅडम. माझ्याच्यानं ते बघवत नाही. म्हटलं, पोरगी जिथवर जाणार होती तिथवर तरी वही जाऊ दे."

मी त्यांना आत बोलावलं. वीस बाकं रिकामी होती. ते सरळ चालत गेले आणि खिडकीजवळच्या तिसऱ्या जागेवर बसले. मुलं ती जागा दसऱ्यापासून रिकामी ठेवत होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती कुणाची जागा ते मीही प्रकाशरावांना सांगितलं नाही.

मग रोज एक तास ते येऊ लागले. माणूस मोठा शिस्तीचा. वहीच्या पानाला स्टीलच्या पट्टीनं समास आखायचा, आकडे नकाशावर लिहितात तसे सुटे, सरळ. तिच्या अक्षरातलं शेवटचं पान संपलं, त्याच्या पुढच्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं सुरुवात केली. तिचं पेन कंपासपेटीत होतं, ते त्यांनी वापरलं नाही. अंकगणिती श्रेढी त्यांना चटकन जमली. "आमच्याकडे पण असंच असतं, ठरावीक मापानं वाढत जायचं," म्हणाले. पण अवयव पाडताना अडत. आयटीआय होऊन पंचवीस वर्षं झालेली. एक दिवस म्हणाले, "मॅडम, माझा पायाच कच्चाय. मी तिची आधीची गणितं दुसऱ्या वहीत सोडवून बघतो. तिच्याशी ताळा करतो, म्हणजे चुकलो तर कळेल."

चुकलं की ते हसायचे आणि म्हणायचे, "बघा, बापापेक्षा हुशार होती." त्या हसण्याकडे मला बघवत नसे. मी फळा पुसायला उठायचे, पुसलेला फळा पुन्हा पुसायचे.

कधी ते मान खाली घालून लिहीत असताना मागून मला त्यांचा तो वाकलेला खांदा तिचाच वाटे. तेच डावीकडे कललेलं डोकं. कधी वाटे, आता हात वर येईल. मी वाट बघे. बाहेर पान पडे.

एका दुपारी हात खरंच वर आला. समोर मी एकटीच होते, तरी त्यांनी हात वर केला.

"मॅडम, इथं माझं उत्तर तिच्याशी जुळतंय. दोन्ही जुळतायत. पण तुम्ही त्यातलं एक लाल केलंय. मग माझंही चुकलं असणार. कुठं चुकलो?"

मी वही हातात घेतली. उदाहरण तिच्या अक्षरात होतं, मी सांगितलं तसं, शब्दाला शब्द. दोन क्रमागत सम संख्या. नैसर्गिक हा शब्द त्यात नव्हता. मी पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. माझी लाल रेघ तिच्या उत्तराच्या मधोमध गेली होती, पानाच्या पाठीमागे उमटेल इतक्या जोरानं. आणि समासात, पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात तिनं लिहिलं होतं: मग उणे चौदाचं काय करायचं?

महिनाभर ती हा प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसत होती. मला विचारला नव्हता.

प्रकाशराव माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा शिकणाऱ्या माणसाचा होता, संशय घेणाऱ्याचा नव्हता. मी म्हणाले, "परीक्षेत ऋण उत्तर घेत नाहीत. सोडून द्यायचं."

"असं होय," ते म्हणाले. त्यांनी खोडरबर घेतलं आणि आपल्या वहीतलं दुसरं उत्तर हळूहळू, काळजीपूर्वक खोडून टाकलं. रबराचा चुरा तळहातानं गोळा केला, उठून खिडकीबाहेर टाकला. परत येऊन बसले आणि पुढचं उदाहरण घेतलं.

पुढचे अकरा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. सराव पेपर तपासताना जिथं जिथं उणे दिसे तिथं पेन थबकायचं. भाजी घेताना, दूध तापवताना मनात तेच वाक्य. मी स्वतःशी वाद घालायचे. एवढंसं तर होतं. कुठल्या शिक्षकाच्या हातून होत नाही? आणि आता सांगून कुणाचं काय भलं होणार, उलट त्या माणसाला त्रास. वाद मी रोज जिंकायचे आणि रोज साडेचार वाजता हरायचे. कारण प्रकाशराव आता कुठलंही ऋण उत्तर आलं की मला न विचारताच त्यावर रेघ मारत होते. जिथं ते बरोबर होतं तिथंही. त्यांनी माझं ऐकलं होतं, अगदी तिनं ऐकलं होतं तसंच.

बीजगणिताच्या पेपरला आठवडा राहिला होता. रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीशेजारी स्नेहलचा शाळेच्या गणवेशातला फोटो. लताताई, तिची आई, कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी पाणी घेतलं आणि पेला खाली ठेवण्याआधीच बोलून टाकलं. मी उदाहरण सांगताना शब्द गाळला होता. तिनं तो बरोबर पकडला होता. तिची दोन्ही उत्तरं बरोबर होती. मी तिला सगळ्यांसमोर गप्प केलं. आणि नंतर प्रकाशरावांनाही खोटं सांगितलं.

प्रकाशरावांनी हाताची बोटं एकमेकांत गुंतवली आणि त्या बोटांकडे बघत राहिले.

लताताईंचे हात घडीवर थांबले. त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

"म्हंजी ती बरोबर होती?"

"हो."

"त्या दिवशी घरी आली ती जेवली नाय. लय विचारलं तवा सांगितलं, आई, मॅडमनी माझं बरोबर असून खोडलं. मी काय म्हणाले माहितंय? म्हणाले, मॅडमला जास्त कळतं का तुला? गुमान जेव." त्या थांबल्या. "जेवली. गुमान जेवली."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

मी वही मागितली. म्हणाले, "मी ती रेघ दुरुस्त करते. बरोबरची खूण करून देते, खाली सही करते." लाल पेन मी सोबत आणलं होतं. मला वाटलं होतं, निदान एवढं तरी माझ्या हातात आहे.

"नका करू," लताताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आता कुणासाठी करता? तिनं पाहिली ती रेघच पाहिली."

मी पेन पर्समध्ये ठेवलं. मी माफी मागितली. त्यांनी ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. थोड्या वेळानं त्यांनी वही आपणहून उघडली, ते पान काढलं आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"मला सांगा, हे बरोबर कसं?"

"काय?"

"हेच. उणे चौदा. ती बरोबर कशी होती ते मला कळू द्या. नुसतं तुम्ही म्हणता म्हणून नको. मागं तुम्ही म्हणालात म्हणून मी तिला चूक म्हणाले."

मी सांगू लागले. उणे म्हणजे काय, शून्याच्या अलीकडे, पलीकडे. इथवर त्यांना कळलं. मग म्हणाले, दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो.

"का येतो?"

बावीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. मुलं ते पाठ करत आणि पुढे जात. का येतो, ते सातवी शिकलेल्या बाईला समजेल असं मला सांगता येईना.

प्रकाशरावांनी तेव्हा मान वर केली. "हे बघ लता," ते म्हणाले. "आमच्या मशीनला हातानं फिरवायचं चाक असतं. उजवीकडं फिरवलं की हत्यार पुढं जातं, डावीकडं फिरवलं की मागं. आता समज, कुणी आतली जोडणीच उलटी केली. मग डावीकडं फिरवल्यावर काय होईल?"

लताताईंनी हवेत हात फिरवून पाहिला. एकदा, दोनदा. "पुढं जाईल."

"झालं तर. दोनदा उलटं केलं की सुलटं होतं."

त्यांनी तोच हात वहीतल्या उणे चौदावर ठेवला. मग म्हणाल्या, "हे तिला कळत होतं?"

"होतं," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं."

तेव्हा कुठं त्या रडल्या. कपड्यांच्या घडीत तोंड घालून, आवाज न करता. मी तिथंच बसून राहिले. त्यांनी मला जा म्हटलं नाही.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी प्रकाशरावांनी वहीचं शेवटचं पान पुरं केलं. त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत, आणि मला वाटलं हे घर आता माझ्यासाठी बंद झालं. माझ्या मुलांचा निकाल लागला, चांगला लागला. पालक फुलं घेऊन आले. मी हसत होते आणि त्या रांगेत दोन वेण्या शोधत होते.

पुढच्या जूनमध्ये लताताई दारात उभ्या राहिल्या. हातात सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा.

"मला बसायचंय," म्हणाल्या. "बाकीचं मी वाचून करीन. गणित तुम्ही शिकवा. पण मी विचारीन. लय विचारीन. चालेल का?"

त्यांनी विचारलं, फार विचारलं. शून्यानं भाग का नाही द्यायचा, क्ष नेहमी क्षच का. कित्येकदा मला घरी जाऊन वाचावं लागलं, कित्येकदा दुसऱ्या दिवशी सांगावं लागलं की काल मी चूक सांगितलं होतं. पहिल्या वर्षी त्या गणितात नापास झाल्या. दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी त्रेचाळीस गुण पडले. त्या दिवशी प्रकाशराव बसमधून उतरून धावत आले होते. लताताई मात्र गुणपत्रिकेवरच्या भालेराव या आडनावावरून नुसतं बोट फिरवत होत्या.

आता मुलं मोबाईलवर उदाहरणाचा फोटो काढतात आणि पायऱ्यांसकट उत्तर मिळवतात. मी त्यांना अडवत नाही. फक्त सगळ्यांचं लिहून झालं की फळ्यासमोर थांबते आणि विचारते, कुणाला काही विचारायचंय? बऱ्याचदा कुणाला नसतं. ती शांतता मला सोसत नाही. मग कुणाचा तरी हात वर येतो, आणि माझ्या काळजात काहीतरी लकाकतं आणि लगेच विझतं, कारण तो हात तिचा नसतो.

परवा लताताई बारावीचं हॉलतिकीट दाखवायला आल्या होत्या. बाहेरूनच बसल्यात, गणित घेऊन. केस आता बरेच पांढरे झालेत, डोळ्यांना चष्मा लागलाय. मी म्हणाले, "लताताई, दहावी झाली, आता बारावीही होईल. मग पुढं काय?"

त्यांनी हॉलतिकिटाची घडी घातली, ब्लाउजमधल्या पाकिटात नीट ठेवली.

"पुढं पंधरावी," म्हणाल्या. "ती आता बावीसची असती, मॅडम. कॉलेज पण संपलं असतं तिचं. मी आपली तिच्या मागं मागं चाललेय. पण मी एक इयत्ता चढते, तवर ती दोन चढून जाते. अजून लय लांब हाय ती माझ्यापासून."